रंभाकाकूच्या खालचं नाव

निडी, २० जानेवारी १९९४

ती. दादास,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, हे तूच मला शिकवलंस. आज तो लिहायला हात उठत नाही. नुसता नमस्कार घे.

संक्रांतीला मी पेणला आले ती तिळगूळ द्यायला आणि एक कागद वाचून घ्यायला. आमच्या शाळेत मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं तोंड तपासायचं शिबिर भरवलं होतं. गेले वर्षभर माझ्या तोंडात आग होते, तिखट सोड, मिठाची पेजसुद्धा झोंबते, म्हणून मीही रांगेत उभी राहिले. त्यांनी एक कार्ड दिलं. सगळं इंग्रजीत. माझी सातवी, ती पण मराठी शाळेतली. म्हटलं, भाऊ मास्तर आहे, तीस वर्षं पोरांना शिकवतोय, तो वाचून सांगेल. तू चष्मा पुसलास, कार्ड वाचलंस आणि उठून आत गेलास. परत आलास तो, "मशेरी लावतेस तू," एवढंच म्हणालास. विचारलं नाहीस, सांगितलंस. वहिनी चहाचा कप हातात घेऊन दारात तशीच उभी.

मी म्हटलं, "नाय रे दादा, आईची शपथ."

"आईची शपथ तू आईच्या बाराव्यालाच घेतली होतीस," तू म्हणालास. "आता तिचं नाव घेऊ नको."

मी म्हटलं, तोंड उघडते, तूच बघ. तू मान फिरवलीस. सख्ख्या बहिणीनं तोंड उघडलं आणि तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलास! मी तशीच उठले आणि एस.टी. धरली. नागोठण्यापर्यंत मला बाजूला कोण बसलंय ते दिसलं नाही.

आता नीट ऐक. मशेरी मी तोंडात घातलेली नाही. एकदाही नाही. मशेरीनं आईचं काय झालं ते तुझ्याइतकंच मीही पाहिलंय. त्या कार्डावर काय लिहिलंय मला ठाऊक नाही, पण ते खोटं आहे.

शांतीचं लग्न आठ मेला ठरलं आहे, हे सांगायचं राहूनच गेलं त्या दिवशी. मुलगा रोह्याला कंपनीत आहे, माणसं चांगली आहेत. तिला हाताला धरून बोहल्यावर तूच आणायचं आहेस. तिला मामा एकच आहे.

मालू


निडी, १७ फेब्रुवारी

दादास,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूम. "कबूल कर, मग मांडवात येईन. खोटं बोलणाऱ्या घरात मी पोरीचा हात धरणार नाही." वा! निवाडा आधी आणि साक्ष नंतर, तीही तुला हवी तशीच.

मी ह्यांना वाचून दाखवलं. शांतीचे बाबा म्हणजे तुला माहीतच आहे, भांडण म्हटलं की दुसऱ्या शिफ्टला जातील. म्हणाले, "लिहून टाक ना गो. खाल्ली म्हन. तुजं काय जातंय?"

काय जातंय! महिपती नावाच्या माणसाशी सव्वीस वर्षं संसार केला, त्यानं मला हे विचारावं! मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. वालाची शेंग सोलत बसले आणि एकेक दाणा टोपलीत आपटत राहिले.

मग मी रोह्याला गेले, एकटी. तिथं पद्मजा नावाची दातांची डॉक्टर आहे, शांतीपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठी असेल. तिनं विचारलं, "मावशी, तंबाखू, मशेरी, गुटखा, काही?"

"नाय."

"बरं." आणि तिनं कागदावर लिहिलं, नाही. बस. पुन्हा विचारलं नाही, डोळे बारीक केले नाहीत. दादा, मला तिथं खुर्चीतच रडू फुटलं. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं दुखलं म्हणून.

तिनं दिवा लावून गालाच्या आत बघितलं. मग हातात आरसा देऊन मलाही दाखवलं. दोन्ही गालांना आतून पांढरी जाळी आहे. घावनाला पडते ना, तशी, बारीक. खालच्या बाजूला लाल झालंय, तिथं आग होते. ती म्हणाली की हे मशेरीवाल्यांच्या तोंडात दिसतं त्यातलं वाटत नाही, पण नुसतं वाटून चालणार नाही. भाताच्या दाण्याएवढा तुकडा काढला आणि मुंबईला पाठवला. तीन आठवडे लागतील म्हणाली.

आता एक गोष्ट. तू पत्रात लिहिलंस की दोन-तीन वर्षांमागे दिवाळीला मी आले तेव्हा माझ्या लुगड्याला मशेरीचा वास होता. होता. तुझं नाक खरं आहे. माझी सासू, बायजाबाई, मशेरी लावायची. शेवटची काही वर्षं तिला दिसत नव्हतं, हात कापायचे. मागच्या दारी फुटका तवा ठेवून तंबाखू मीच भाजायची. काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरून तिच्या डबीत भरायची. ती हाक मारायची, "आनलीस काय गो?" आणि मी द्यायची. आंधळ्या म्हातारीला नाही म्हणायला मला जमलं नाही. बाराव्याला तू माझ्याकडून वदवून घेतलं होतंस की मशेरीला हात लावणार नाही. हात लावला. तेवढं माझं चुकलं, आणि ते मी आज तुला न विचारता सांगतेय. पण तोंडात घातली नाही. ह्या दोन गोष्टी तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला वेगळ्या करता येत नसतील, तर पोरांना तू वजाबाकी कशी शिकवलीस?

मालू


निडी, २१ मार्च

दादास,

रिपोर्ट आला. सोबत नक्कल पाठवतेय. इंग्रजीत आहे, तुला आवडेल.

पद्मजा डॉक्टरनी मला अर्धा तास समजावलं. चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं चित्र काढलं. तोंडाची आतली कातडी पातळ असते, आणि तिच्या लगेच खाली पहारा बसलेला असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या एका जातीला लिम्फोसाइट म्हणतात, हे मी तिच्याकडून लिहून घेतलं. दिवसभर तोंडातून काय काय जातं, कढत चहा, माशाचा काटा, मिरची, कितीतरी जंतू. कुणाला हाकलायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं हे त्यांनी ओळखायचं असतं. "तोंडातला पहारा फार समजूतदार असतो, मावशी," ती म्हणाली. "बहुतेक सगळ्यांना तो सोडून देतो. नाहीतर घासाघासाला मारामारी झाली असती."

"मग माझ्या तोंडात कोन शिरलाय?" मी विचारलं.

"कोणीच नाही. तुमच्या पेशींनी तुमच्याच कातडीला परकं ठरवलंय. तिच्या खाली गर्दी करून बसल्यात आणि तिलाच मारतायत."

मी म्हटलं, कातडीनं काय केलं होतं? ती म्हणाली, "काही नाही. हे का होतं ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही." तुकड्यात तसंच दिसलंय, कातडीखाली पट्टाच्या पट्टा त्या पेशींचा. कर्करोग नाही. मशेरीची खूण नाही. कुणाला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण लावायच्या मलमानं आटोक्यात राहतं. पुढे-मागे बिघडू नये म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मलम लावून आठ दिवस झाले, काल मी पहिल्यांदा वालाचं बिरडं चाखलं. नुसतं पाणीच, पण चाखलं.

घरी येताना गाडीत मला तूच आठवत होतास. घरावर पहारा करतोयस असं तुला वाटतं, आणि चावतोयस घरच्याच माणसाला. राग आला तर येऊ दे. मला जानेवारीपासून आलाय.

आणि आता कार्डाचं. आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे शिबिराच्या वहीची कार्बन प्रत आहे. मी जाऊन म्हटलं, माझं नाव दाखवा. त्या म्हणाल्या, असं दाखवता येत नाही. मी तिथंच बाकावर बसून राहिले. दुपारी दोन वाजता त्यांनी दाखवली.

माझ्या वर रंभाकाकूचं नाव आहे. शेजारची रंभाकाकू, दिवसातून तीनदा मशेरी लावते आणि कुणाच्या बापाला घाबरत नाही. तिच्या रकान्यात मशेरी लिहिलंय, ते बरोबर आहे. तिचं तोंड स्वच्छ निघालं, ही तिची मजा. तिच्याखाली मी. माझ्या रकान्यात काही लिहिलेलंच नाही, नुसत्या दोन छोट्या रेघा. वरच्याप्रमाणे! माझ्याखाली तशाच रेघा, तिच्याखाली तशाच, पान संपेपर्यंत सतरा बायकांना सतरा जोड्या. त्या लिहिणाऱ्यानं मान वर करून कुणाला विचारलंच नव्हतं. निडीच्या बायका, म्हणजे मशेरी. मग त्यानं वहीवरूनच कार्डं भरली.

सर्वांत खाली पुतळीचं नाव आहे. पुतळी काळुरामची नात, सात वर्षांची. आजीचं बोट धरून रांगेत उभी राहिली म्हणून तिचंही नाव चढवलं. ती पण मशेरी लावते, दादा! सरकारी शाळेत दुसरीत आहे आणि मशेरी लावते. नर्सबाईंना दाखवलं तेव्हा त्या पण हसल्या, आणि मग त्यांनी वही जवळ ओढून पुन्हा वाचली.

तू हजेरीपट भरायचास तेव्हा तारखेखाली अशाच रेघा ओढायचास, मी शेजारी बसून बघायची. तुला हे समजायला एक मिनिट लागू नये. पुतळीच्या ओळीची नक्कल नर्सबाईंनी सही करून दिली आहे, तीही सोबत आहे. आता बोल.

मालू


निडी, १६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. "चूक कबूल केलीस, मोठं मन दाखवलंस. झालं गेलं विसरलो. सात तारखेला संध्याकाळी येतो." मी दोनदा वाचलं. मला कळेना मी काय कबूल केलं.

मग ह्यांच्याकडे बघितलं. जेवणाच्या ताटावरून मान वर होईना.

ते पत्र मी लिहिलेलं नाही. ह्यांनी लिहिलंय, कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत. "दादा, मी चोरून मशेरी लावत होते, माफ कर." खाली माझं नाव. मी विचारलं तर म्हणाले, "पोरीच्या लग्नाला मामा नको काय? तू काय वाकनार हायस? मंग मीच वाकलो तुज्या नावानं." मला फार राग आला. पण त्या माणसाचं एक कळतं, त्यानं पोरीसाठी केलं. तुझं मला कळत नाही.

दादा, माझं अक्षर तू गिरवून घेतलंस. पाटीवर हात धरून. माझा 'ळ' कसा वळतो, शेवटची वेलांटी मी कशी ओढते, हे तुला अंधारात हात फिरवून ओळखता येईल. ह्यांचं अक्षर म्हणजे भाताच्या पेंढ्या रस्त्यावर सांडलेल्या. आणि तुला शंका आली नाही? डॉक्टरचा रिपोर्ट तुला पटला नाही, वहीची नक्कल पटली नाही, त्या पत्रांना तू उत्तरसुद्धा दिलं नाहीस. आणि परक्या अक्षरातल्या चार ओळी एका दिवसात पटल्या, कारण त्यात तुला हवं ते होतं.

तर मी स्पष्ट लिहिते. ते पत्र खोटं आहे. त्या पत्रावर येणार असशील तर येऊ नको. शांतीला मी सांगितलंय. ती रडली, आणि मग म्हणाली, "आये, तूच आन मला मांडवात." मी आणीन. लोक बोलतील ते बोलतील.

आता इतकं झालंय तर जे चौतीस वर्षं लिहिलं नाही ते पण लिहिते.

आईला मशेरी मी भाजून द्यायची. बारा वर्षांची होते. ती म्हणायची, "माले, तवा ठेव गो," आणि मी ठेवायची. गागोद्याच्या त्या घरात मागच्या अंगणात धूर झाला की मला खोकला यायचा आणि आई हसायची. ती गेल्यावर तू बाराव्याला चार माणसांत मला तुळशीवर हात ठेवायला लावलास. मलाच. तू नाही ठेवलास. त्या दिवसापासून सगळ्यांनी धरून चाललं की आईला मालूनं घालवली. कुणी तोंडावर बोललं नाही, पण मावशीनं वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी बारा वर्षांची, मीही तेच धरून चालले.

पण दादा, तंबाखूची पानं घरात यायची कुठून?

तू पेणला शाळेला होतास. शनिवारी घरी यायचास. तुझ्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकामागे, कागदात गुंडाळलेली पानं असायची. आई वाट बघायची ती तुझी आणि त्या पुडीची. तू आणायचास, मी भाजायची. तू पण चौदाच वर्षांचा होतास, मी तुला बोल लावत नाही. पण तू मला लावलास. तुझ्या वाटणीचाही माझ्या नावावर लिहिलास आणि मोकळा झालास, मास्तर झालास, लोकांना व्यसनमुक्तीवर भाषणं दिलीस.

आणखी एक मला ठाऊक आहे, जे तुला वाटतं कुणालाच ठाऊक नाही. आई शेवटी पदर तोंडावरून काढायची नाही. भिंतीकडे तोंड करून जेवायची. एका दुपारी ती झोपली होती आणि पदर सरकला होता. तू वाकून बघितलंस आणि पळालास. मी मागून आले होते. ओढ्यावर तू ओकलास, मग तोंड धुतलंस आणि पुन्हा ओकलास. तू काय बघितलंस ते तू कधी सांगितलं नाहीस. संक्रांतीला मी तोंड उघडलं आणि तू कॅलेंडरकडे बघितलंस तेव्हा मला त्या ओढ्याची आठवण झाली होती. पण मला राग आला होता, म्हणून मी बोलले नाही.

मी मशेरी लावत होते असं ठरलं तर तुला बरं वाटतं. म्हणजे मालू तसलीच, तेव्हाही आणि आताही. पण मी तसली नाही. माझ्या गालात माझ्याच रक्ताच्या पेशी मला चावतायत, तेवढं मला पुरे आहे. दुसरीकडून चावून घ्यायला मी मोकळी नाही.

मालू


निडी, ३ मे

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. सखा पोस्टमन फाटकातूनच ओरडत आला, "मालूवैनी, भावाचं कार्ड हाय!" हातात दिलं आणि गेला नाही, तिथंच उभा राहिला. त्यानं वाचलं होतं. साहजिकच आहे, उघडं कार्ड. रंभाकाकूच्या घरावरून आला, म्हणजे तिलाही वाचून दाखवलं असणार, आणि आता संध्याकाळपर्यंत निडी स्टेशनच्या मास्तरलाही कळेल.

त्यावर तीनच शब्द आहेत. "तंबाखू मी आणायचो." खाली तुझं नाव, गोविंदा, पूर्ण, सही करतोस तसं.

तू मला आजवर कार्ड कधी लिहिलं नाहीस. घरचं घरात राहावं म्हणून नेहमी पाकीट, तेही दोन्हीकडून चिकटवलेलं. हुकूमही पाकिटातून पाठवलास. हे मात्र उघडं टाकलंस. पेणच्या पोस्टात तुला सगळे गुरुजी म्हणून ओळखतात, तिथं खिडकीत ते शिक्का मारणाऱ्यानं वाचलं असेल. तुला ठाऊक होतं, आणि तू टाकलंस. मी कार्ड भिंतीतल्या देवळीत उभं करून ठेवलंय. ह्यांनी विचारलं, "आत ठेवू काय?" मी म्हटलं, राहू दे तिथंच, दिसू दे.

माझा राग गेला असं समजू नको. चौतीस वर्षांचा आहे, तीन शब्दांनी कसा जाईल? तू समोर आलास की मी बोलणार आहे, आणि तू ऐकून घेणार आहेस. पण ते लग्नानंतर.

त्या कार्डाखाली मला माझं लिहायचं आहे. तुझ्याखाली नुसत्या दोन रेघा ओढून चालणार नाहीत, म्हणून पूर्ण लिहिते. तंबाखू दादा आणायचा. मशेरी मी भाजायची. आम्ही दोघं लहान होतो, आणि आईनं मागितली की द्यायचो.

सात तारखेला लवकर ये, दुपारीच. वहिनीला घेऊन ये. जेवणात बिरड्याच्या दोन टोपांची सोय केली आहे, एक तुमच्यासाठी आणि एक बिनतिखटाचं माझ्यासाठी. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. शांतीला तूच आणायचं आहेस. ती तुझ्यावर रागावली आहे, तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

पण त्याआधी एक काम आहे. आलास की पाय धुऊन मागच्या दारी ये. तिथं दुपारी उजेड चांगला असतो. मी तोंड उघडीन आणि तू बघायचंस. पळायचं नाही. घाबरण्यासारखं काही नाही, दादा, आईच्या तोंडात होतं तसलं काही नाही. नुसती जाळी आहे, पांढरी, बारीक. दिसायला जरा जवळ यावं लागेल.

येताना चष्मा आण.

तुझी मालू